वाइनच्या दोन ग्लासांनंतरचे काहीच आठवत नाही : तपासणी आणि तक्रार यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

गोदाकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. हा प्रश्न माझ्या मावसबहिणीसंबंधी आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, परंतु उत्तर देणाऱ्याला जे लागेल ते सर्व लिहिते. ती सज्ञान आहे, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या कार्यालयात नोकरी करते आणि मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीवर राहते. शनिवारी रात्री तिच्या विभागातील सात-आठ जण गंगापूर धरणाच्या बाजूला एका फार्महाऊसवर जमले होते. निमित्त एका वरिष्ठाच्या बढतीचे होते. तिने तेथे वाइनचे दोन ग्लास घेतले. त्यांपैकी दुसरा ग्लास एका सहकाऱ्याने भरून आणून दिला होता. साधारण साडेदहानंतरचे तिला काहीही आठवत नाही. रविवारी सकाळी ती त्याच सहकाऱ्याच्या शहरातील खोलीवर जागी झाली. दंडावर आणि मांडीवर वळ होते, आणि काय घडले असावे हे समजण्याइतपत वेदना होत्या. त्याने तिला हसत सांगितले, की तूच घरी नको म्हणालीस, स्वतःच्या पायांनी जिना चढलीस, नीट गप्पा मारल्यास.

तिने हे मला आज संध्याकाळी सांगितले. तिने आंघोळ केली आहे. कपडे धुतलेले नाहीत, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले आहेत. मावशीला कळल्यावर तिचे पहिले वाक्य होते, "तू प्यायलीसच कशाला?" आणि दुसरे, की स्थळे बघणे चालू आहे, तेव्हा ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये. बहीण स्वतःच म्हणते आहे, की मी आपल्या हाताने प्यायले, आता कोणत्या तोंडाने तक्रार करू.

माझे प्रश्न असे : जवळजवळ दोन दिवसांनी तपासणीत काही सापडू शकते का? रुग्णालयात गेल्यास पोलिसांत तक्रार करावीच लागते का? आणि तिने स्वेच्छेने मद्य घेतले होते, तिला काही आठवत नाही, तो मात्र संमती होती असे म्हणतो. अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूने उभा राहतो?

जुना न्यायवैद्यक (सोमवार, रात्री १०.०५)

ताई, पुढची उत्तरे नंतर वाचा. तिला घेऊन आज रात्रीच त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयात निघा. तेथील अपघात विभाग रात्रभर उघडा असतो. घटनेला सुमारे ४७ तास होत आले आहेत आणि या प्रकरणात प्रत्येक गोष्टीची मुदत निराळी असते.

सर्वांत आधी उपचार. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितक्या लवकर होतील तितके चांगले, आणि ती पुढे २८ दिवस घ्यायची असतात. गर्भधारणा रोखणारी लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळीही ७२ तासांच्या आतच द्यायची असते आणि प्रत्येक तासाच्या विलंबाने तिचा उपयोग कमी होतो. त्याशिवाय हिपॅटायटिस बीची लस आणि लैंगिक संसर्गांवरची प्रतिजैविके असतात. हे सारे औषधोपचार आहेत आणि तक्रार करायची की नाही याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. उपचार मोफत देण्याचे बंधन सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांवर आहे.

पुराव्याचे म्हणाल, तर शरीरावरील नमुने ९६ तासांपर्यंत घ्यावेत असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. आंघोळीने शक्यता घटते, संपत नाही. वळांची नोंद मापासह आणि रंगासह व्हायला हवी, कारण रंगावरून त्यांच्या वयाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. कपडे प्लॅस्टिकमधून लगेच काढा. त्यात दमटपणा कोंडून बुरशी धरते आणि डाग खराब होतात. झटकू नका, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत घाला आणि बरोबर न्या.

आता गुंगीच्या औषधाविषयी. लोकांच्या मनात पेल्यात पूड टाकणाऱ्या माणसाचे चित्र पक्के बसलेले असते. माझ्या अनुभवात मात्र अशा अत्याचारांतले सर्वाधिक वापरले जाणारे द्रव्य मद्यच असते; कधी ते आग्रहाने पाजलेले असते, कधी फळांच्या रसात न सांगता मिसळलेले असते, आणि पुष्कळदा ते तिने स्वतःच घेतलेले असते व दुसऱ्याने तिच्या त्या अवस्थेचा फायदा उठवलेला असतो. मद्य रक्तातून तासाला १०० मिलिलिटरमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम या गतीने उतरते, म्हणजे रविवारी दुपारनंतर रक्तात त्याचा मागमूस राहिला नसणार. जीएचबी नावाचे गुंगीचे द्रव्य रक्तात पाच ते आठ तास आणि लघवीत दहा-बारा तासच सापडते, म्हणून तेही हातचे गेले. झोल्पिडेम ही झोपेची गोळी लघवीत एक-दोन दिवस राहते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांचे अंश मात्र लघवीत कित्येक दिवस टिकतात. म्हणून आजची लघवी मोलाची आहे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत रोखता आली तर उत्तम. नाहीच जमले तर काचेच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत धरून घेऊन जा.

तेथे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, की गुंगीच्या औषधाचा संशय आहे, तरी रासायनिक विश्लेषणासाठी रक्त आणि लघवी दोन्ही घ्यावीत. कोणी बोलले नाही म्हणून हे नमुने राहून गेल्याचे मी नोकरीत पुष्कळदा पाहिले. रक्त सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असलेल्या बाटलीत घेतले जाते, दोन्ही नमुन्यांना मोहोर लागते आणि ते न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात. सुदैवाने प्रादेशिक प्रयोगशाळा नाशिकमध्येच आहे. एखाद्या खासगी पॅथॉलॉजीत पट्टीवरची झटपट चाचणी करून "काही नाही" असे उत्तर आले तर ते अंतिम समजू नका. लोराझेपाम आणि क्लोनाझेपामसारखी औषधे त्या पट्टीला अनेकदा चुकवतात, शिवाय अशा अहवालाला न्यायालयात पुराव्याची साखळी, म्हणजे नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद, राहत नाही. आणखी एक. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि एका मात्रेचा अंशही चार ते सहा आठवड्यांनी घेतलेल्या केसांत कधीकधी सापडतो. ही तपासणी सर्वत्र होत नाही, तरी तोवर तिने केस कापू किंवा रंगवू नयेत.

प्रयोगशाळेचा अहवाल निरंक आला तर काही दिलेच नव्हते असा त्याचा अर्थ होत नाही. नमुना घेतला तेव्हा ते द्रव्य शरीरात उरले नव्हते, एवढाच अर्थ होतो. हे तिला आजच सांगून ठेवा, म्हणजे पुढे अहवाल हाती आल्यावर ती खचणार नाही.

"जिना चढली, गप्पा मारल्या" या युक्तिवादावर थोडे लिहितो, कारण तो न्यायालयातही येतो. मद्याची पातळी रक्तात झपाट्याने वाढली, किंवा मद्याबरोबर वर सांगितलेल्या गोळ्या गेल्या, की मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचे काम बंद पडते आणि घडणारे प्रसंग स्मृतीत नोंदलेच जात नाहीत. माणूस त्या वेळी बेशुद्ध नसतो. तो चालतो, बोलतो, दार उघडतो, फोनही लावतो. विचारशक्ती मात्र बरीच मंदावलेली असते. पोट रिकामे असेल तर हे लवकर घडते, आणि स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातील पातळी अधिक चढते. असे असूनही आकडे पाहा. १५० मिलिलिटरच्या ग्लासात, १३ टक्के धरले तर, साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल असते. असे दोन ग्लास निवांत घेतल्यावर निरोगी माणसाची अख्खी रात्र कोरी होणे मला पटत नाही. एक तर ग्लासात वाइनपेक्षा जास्त काही होते, किंवा ग्लास दोनच नव्हते आणि पुढचे तिच्या स्मृतीत नाहीत. दोन्ही शक्यता डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडा. पिण्याची गोष्ट लपवली तर विश्लेषकाला काय शोधायचे हेच कळत नाही.

पोलिसांबाबत : रुग्णालय एमएलसीची (न्यायवैद्यक प्रकरणाची) नोंद करून पोलिसांना कळवणार, ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. परंतु ती सज्ञान असल्यामुळे फिर्याद द्यायची की नाही हे ती ठरवेल, आणि नको असल्यास तसा लेखी नकार केसपेपरवर नोंदवला जाईल. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला तिची वेगळी संमती लागते. उपचार घेऊन एखाद्या तपासणीला ती नकार देऊ शकते. दोन बोटांच्या तथाकथित चाचणीचा कोणी उल्लेख जरी केला तरी ठाम नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती अमान्य केली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल असे बजावले. शक्य असल्यास तुम्ही स्वतः आत थांबा, मावशींना बाहेर बसवा.

कोर्टकचेरी (सोमवार, रात्री १०.५०)

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले आधी करावे. माझे उद्या वाचले तरी चालेल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ६३ मध्ये बलात्काराच्या व्याख्येतच हे आले आहे, की नशेमुळे, किंवा आरोपीने स्वतः अथवा दुसऱ्याकरवी दिलेल्या गुंगीच्या द्रव्यामुळे, स्त्री आपण कशाला होकार देत आहोत त्याचे स्वरूप आणि परिणाम समजण्यास असमर्थ असेल, तर तिचा होकार हा होकार धरला जात नाही. या वाक्यातील "किंवा" कडे लक्ष द्यावे. नशा त्याने करवली असली पाहिजे अशी अट नाही. ती स्वतः प्यायलेली असली तरी तरतूद तितकीच लागू होते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात संमती म्हणजे निःसंदिग्ध, स्वेच्छेने दर्शवलेली तयारी असे म्हटले आहे, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येत नाही, असेही जोडले आहे. "मी प्यायले म्हणून तक्रार कशी करू" या तिच्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर एवढे सरळ आहे. शिक्षा किमान १० वर्षे सक्तमजुरीची आहे. संमती देण्यास असमर्थ असलेल्या स्त्रीवरील बलात्कार कलम ६४(२) मध्ये स्वतंत्रपणे आला आहे, आणि त्यात जन्मभराच्या कारावासापर्यंत जाता येते.

गुन्हा करण्याच्या हेतूने एखाद्याला गुंगी आणणारे किंवा मादक द्रव्य देणे हा कलम १२३ खाली निराळा गुन्हा आहे, त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "मादक" या शब्दात मद्यही येते. म्हणून वाइनमध्ये कोणी न सांगता व्होडका ओतली असेल तरी हे कलम लावता येते; त्यासाठी गोळीच सापडली पाहिजे असे नाही.

आता व्यवहाराचे. फार्महाऊस बहुधा ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असेल आणि खोली शहर आयुक्तालयाच्या. "ही आमची हद्द नाही" असे ऐकावे लागले तर कलम १७३ नुसार झिरो एफआयआर नोंदवण्याचा आग्रह धरा. हा कलम क्रमांक नागरिक सुरक्षा संहितेतला आहे, न्याय संहितेतला नव्हे. जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो आणि प्रत विनामूल्य मिळते. अशा गुन्ह्याची खबर नोंदवण्यास नकार देणारा लोकसेवक स्वतः कलम १९९ खाली गुन्हेगार ठरतो. वैद्यकीय अहवाल सात दिवसांत तपासी अंमलदाराकडे जायला हवा आणि तपास दोन महिन्यांत पुरा करायचा असतो. तिची ओळख उघड करणे हा कलम ७२ खाली गुन्हा आहे. हे मावशींना जरूर सांगा, त्यांची निम्मी भीती बदनामीची असणार.

एक भीती आपल्या राज्याची खास आहे, म्हणून लिहितो. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय मद्य पिणे हा त्याखाली गुन्हा आहे. आरोपीचे मित्र "तूच अडकशील, परवाना होता का?" असे दरडावतात आणि मुली घाबरतात. परवाना नसल्याने बलात्काराची फिर्याद कमकुवत होत नाही. माझ्याकडे आलेल्या एकाही प्रकरणात त्या धमकीपुढे काही झालेले नाही.

सातपूरकर (सोमवार, रात्री ११.२०)

मी कोणाची बाजू घेत नाही, परंतु एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. दोघेही प्यायलेले असतील, मुलगी हसतबोलत बरोबर गेली असेल, तर समोरच्याने ती "समजण्यास असमर्थ" आहे हे ओळखायचे कसे? उद्या सकाळी आठवत नाही म्हणून कालचा होकार रद्द, असे म्हटले तर कोणत्याही पार्टीनंतर कोणावरही खटला होऊ शकेल. आणि तोही नशेत होता, त्याचे काय?

कोर्टकचेरी (सोमवार, रात्री ११.४५)

शंका रास्त आहे आणि न्यायालयात ती दरवेळी विचारली जाते. शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो : स्वतःहून केलेली नशा हा आरोपीचा बचाव होत नाही. संहितेच्या कलम २३ मध्ये सूट आहे ती ज्याला त्याच्या नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा करवली गेली त्याला. स्वतः पिऊन गाडी हाकणाऱ्याला आपण ही सूट देत नाही.

मद्य घेतल्यानंतरचा प्रत्येक संबंध बलात्कार ठरतो असे कायदा म्हणत नाही, मीही म्हणत नाही. ती त्या घटकेला समजण्याच्या स्थितीत होती का, एवढाच कायद्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या आठवणीवरून ठरत नाही. ते भोवतालच्या पुराव्यावरून ठरते. तिला गाडीत दोघांनी धरून बसवले का, इमारतीच्या कॅमेऱ्यात ती भिंतीला धरून चालते आहे का, तिचे त्या वेळचे संदेश निरर्थक अक्षरांचे आहेत का, तिने ओकारी केली का, मैत्रिणींना घरी सोडायला सांगण्याऐवजी त्याने तिला आपल्या खोलीवर का नेले. शेवटचा प्रश्न मी उलटतपासणीत हमखास विचारतो, आणि "ती चालत होती" म्हणणाऱ्यांची त्यावर फारशी तयारी नसते. तुमच्या ओळखीच्या मित्राला तोल सावरत नाही हे तुम्हाला दहा फुटांवरून कळते. मग तेच ओळखणे इथेच अवघड का व्हावे?

तुमच्या प्रश्नामागे जी समजूत आहे ती न्यायासनापर्यंतही पोहोचते, हे मान्य करतो. २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका जामीन आदेशात, मद्यपान करून आरोपीबरोबर गेलेल्या तरुणीने स्वतःच संकट ओढवून घेतले असे म्हटले गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्या शेऱ्यावर जाहीर नापसंती व्यक्त केली. जामीन देणे न्यायाधीशांच्या अधिकारात असते. असा शेरा मारण्याचे कारण नव्हते.

खटला कठीण असतो, हेही मी अशिलांना पहिल्याच भेटीत सांगतो. फिर्यादीलाच आठवत नसेल तर बचाव पक्ष तिच्या प्रत्येक वाक्यावर "तुम्हाला कसे माहीत?" असे विचारतो. उपाय एकच असतो : जबाबात जेवढे आठवते तेवढेच लिहावे. मधली पोकळी दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टींनी भरू नये, आणि "आठवत नाही" हे शब्द संकोच न करता तसेच नोंदवून घ्यावेत. आठवणीतील पोकळी ही गुंगीची खूण आहे. ती कृत्रिमपणे भरली की खटल्यातील सर्वांत बोलका पुरावा आपण आपल्या हाताने पुसतो.

औषधवाला (मंगळवार, सकाळी ८.३०)

माझे पंचवटीत मेडिकल आहे. थोडेसेच लिहितो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे शेड्यूल एच-१ मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि डॉक्टरचे व रुग्णाचे नाव असलेली वेगळी नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. केटामाइन हे भुलीचे औषध तर त्याहून कडक शेड्यूल एक्समध्ये आहे. नियम चांगले आहेत. "आजीला झोप येत नाही, चिठ्ठी उद्या आणतो" असे म्हणणारा माझ्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि त्याला गोळ्या देणारे कोणीतरी पुढच्या चौकात भेटतेच. २०२३ मध्ये शिंदे गावाजवळचा एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) कारखाना पकडला गेल्यापासून नाशिकमध्ये नशेचा विषय निघाला की सगळे एमडीविषयी बोलतात. एमडी उत्तेजक आहे. या ताईंनी लिहिलेली अवस्था मला झोपेच्या गोळीसारखी वाटते, आणि ती गोळी निम्म्या घरांतल्या औषधांच्या डब्यात असते.

फ्रान्समधील जिझेल पेलिको यांचा खटला अनेकांनी वाचला असेल. नवरा त्यांना जवळजवळ दहा वर्षे लोराझेपाम आणि झोल्पिडेम देत होता आणि अनोळखी पुरुषांना घरी बोलावत होता. त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याची शंका येत होती, त्या डॉक्टरांकडे खेपा घालत होत्या, आणि २०२० मध्ये पोलिसांनी नवऱ्याला निराळ्याच गुन्ह्यात पकडले तेव्हा त्याच्या संगणकातून हे बाहेर आले. डिसेंबर २०२४ मध्ये ५१ जण दोषी ठरले. त्या गोळ्या काळ्या बाजारातल्या नव्हत्या, चिठ्ठीवर मिळालेल्या होत्या. म्हणून पोलिसांनी खोलीचा पंचनामा करताना कचऱ्याचा डबा आणि गोळ्यांची रिकामी पाकिटेही पाहावीत, असे तपासी अंमलदाराला सुचवा. पाकिटावरच्या बॅच क्रमांकावरून ती कोणत्या घाऊक विक्रेत्याकडून कोणत्या दुकानात गेली इथपर्यंत माग काढता येतो.

गोदाकाठ (मंगळवार, दुपारी ३.१५)

सर्वांचे आभार. काल रात्री पावणेअकराच्या सुमारास आम्ही रुग्णालयात पोहोचलो. तपासणी महिला डॉक्टरांनी केली, मी पूर्ण वेळ बरोबर होते. रक्त आणि लघवी दोन्ही घेतली; मी गुंगीच्या औषधाचा शब्द उच्चारल्यावर त्यांनी लगेच वेगळा फॉर्म काढला. औषधे सुरू झाली आहेत. महिला पोलीस आल्या होत्या. बहिणीने काल फिर्याद दिली नाही; विचार करण्यास वेळ हवा आहे असे तिने लिहून दिले.

आज सकाळपासून दोन गोष्टी घडल्या आहेत. त्या सहकाऱ्याचे एकामागून एक संदेश येत आहेत. पहिला "काळजी वाटते" असा, चौथा "नोकरी दोघांची जाईल" असा. आणि कार्यालयातील एका वरिष्ठाने तिला फोन करून सांगितले, की प्रकरण बाहेर नेण्यापेक्षा समोरासमोर बसून आपसात मिटवावे, कंपनी मदत करील. तिला हे संदेश पुसून टाकून नंबर बंद करावासा वाटतो आहे. मावशी काल रात्रभर बाहेर बाकावर बसून होती आणि आज एक शब्दही बोललेली नाही.

समुपदेशक, नाशिक रोड (मंगळवार, सायंकाळी ४.४०)

मी महिलांच्या समुपदेशनाचे काम करते. ताई, आधी मावशींविषयी, कारण घरात राहायचे त्यांच्याबरोबर आहे. "प्यायलीस कशाला" हे वाक्य रागाचे वाटते, परंतु बहुतेक आयांच्या बाबतीत ते भीतीचे असते. मुलीच्या हातून काहीतरी चुकले असे मानले, की ती चूक टाळली तर पुढे असे होणार नाही असा आधार त्यांना मिळतो. त्या रात्रभर बाकावर बसल्या, घरी गेल्या नाहीत, हे मला त्यांच्या शब्दांपेक्षा महत्त्वाचे वाटते. त्यांना एखादे काम सोपवा : २८ दिवसांच्या गोळ्यांची वेळ सांभाळणे, पुढच्या तपासणीची तारीख लक्षात ठेवणे. स्थळांचा विषय मात्र महिनाभर घरात निघणार नाही, हे तुम्ही कोणीतरी मोठ्या माणसामार्फत ठरवून घ्या.

बहिणीला "आठवून बघ" असे कोणीही म्हणू नये. जे मेंदूत नोंदलेच गेले नाही ते आठवत नाही, आणि वारंवार खोदल्यास मन कल्पनेने तुकडे जोडू लागते, ज्याचा त्रास तिलाही होतो आणि पुढे जबाबालाही. न आठवणाऱ्या घटनेचा धक्का कमी असतो असा गैरसमज आहे. अशा मुलींना पुढे गाढ झोपेचीच भीती वाटते, कोणी दिलेले पाणीही पिववत नाही. झोप, भूक, अंगाला होणारा स्पर्श यांत बिघाड दिसू लागला तर वाट पाहू नका. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर मराठीतून बोलता येते. महिलांसाठी १८१ आहे आणि जिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटरही आहे. तेथे निवारा, समुपदेशन आणि वकील एका ठिकाणी मिळतात. काल तिने फिर्याद दिली नाही यात काही बिघडलेले नाही. नमुने सुरक्षित आहेत, आणि तिने स्वतःच्या संमतीने एक गोष्ट पूर्ण केली आहे.

कोर्टकचेरी (मंगळवार, सायंकाळी ५.३०)

संदेश पुसू नका आणि उत्तरही देऊ नका. पडद्याची छायाचित्रे काढा, पण मूळ संदेश त्याच फोनमध्ये राहू द्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते आणि मूळ उपकरण असले की ते देणे सोपे जाते. फोन बदलू नका, दुरुस्तीला टाकू नका. नंबर बंद करण्याऐवजी सूचना तेवढ्या बंद कराव्यात.

"आपसात मिटवा" याचे उत्तर कार्यस्थळी लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियम, २०१३ मध्ये आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असली पाहिजे. सलोखा केवळ पीडितेने स्वतः मागितला तरच करता येतो, आणि तोही पैशांच्या देवघेवीवर नाही. वरिष्ठाला फोनवरून सलोखा सुचवण्याचा कोणताही अधिकार नाही. त्याचा फोन आल्याची वेळ लिहून ठेवा. फार्महाऊस हे "कार्यस्थळ" ठरते का यावर कंपनी वाद घालेल, परंतु कामाच्या निमित्ताने जेथे जावे लागते ती जागाही व्याख्येत येते, आणि बढतीची पार्टी विभागाने ठरवली, वाहन कंपनीचे होते, आमंत्रण कार्यालयाच्या ग्रुपवर आले, यांपैकी काही दाखवता आले तर आपली बाजू भक्कम होते. ते आमंत्रण आधी जपून ठेवा. समितीकडे लेखी तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते. चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा बदली मागता येते, आणि तिची इच्छा असल्यास पोलीस तक्रारीत साहाय्य करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. समितीकडे गेल्याने पोलिसांकडचा रस्ता बंद होत नाही, दोन्ही एकाच वेळी चालतात.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्जही तेथूनच पुढे सरकतो, मात्र त्यासाठी गुन्हा नोंदलेला असावा लागतो.

फिर्यादीला तिने हवा तेवढा वेळ घ्यावा; इतक्या गंभीर गुन्ह्याला मुदतीचे बंधन नाही आणि विलंबाचे कारण सांगता येते. कॅमेऱ्यांचे मात्र तसे नाही. बहुतेक इमारतींतील आणि हॉटेलांतील चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते. म्हणून त्याच्या इमारतीचे, फार्महाऊसचे आणि वाटेतल्या टोल किंवा पेट्रोल पंपाचे चित्रण राखून ठेवण्याविषयीचा अर्ज तिने पोलीस ठाण्यात उद्याच द्यावा आणि पोच घ्यावी. मसुदा मी आज रात्री येथेच टाकतो. तिने त्यात फक्त ठिकाणे आणि वेळा भरायच्या आहेत, आणि त्या भरताना खात्री नसेल तेथे "अंदाजे" हा शब्द ठेवायचा आहे.